शनीची कडी

आज संध्याकाळी गच्चीवर लेकाला दुर्बिणीतून शनी दाखवला. "आई, खरंच कडं आहे गं!" म्हणत तो नाचायलाच लागला. आणि मला सौदी अरेबियातला ब्लॉगर रैफ बदावी आठवला.

सौदीत एका धर्मोपदेशकाने खगोलशास्त्रज्ञांना शिक्षा करा म्हटलं होतं. रैफने ब्लॉगवर टोला हाणला: मग नासाने दुर्बिणी गुंडाळाव्यात आणि आमच्या धर्मपंडितांकडे शिकायला यावं. असंच लिहायचा तो. धर्मपोलिसांनाही सोडलं नाही.

२०१२ मध्ये त्याला उचललं. १० वर्षं कैद, १,००० फटके, १० लाख रियाल दंड. ९ जानेवारी २०१५ ला जेद्दाहमध्ये शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, लोकांसमोर, पहिले ५० फटके मारले. शब्दांसाठी! वाचतानाही माझ्या पाठीवर काटा येतो.

बायको इन्साफ तीन लेकरं घेऊन कॅनडात गेली आणि तिथून त्याच्यासाठी लढत राहिली. मार्च २०२२ मध्ये तो सुटला, पण वर १० वर्षं देश सोडायला बंदी. म्हणजे मुलांचं अख्खं बालपण गेलं, तरी बाप घरी नाहीच.

लेक आत्ता झोपलाय. उद्या गुरू दाखवायचं कबूल केलंय त्याला.