एक मार्कर जुळला नाही म्हणून

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मी वकिली करते. डीएनए अहवाल हाती पडला की पक्षकार आधी शेवटचं पान उघडतात. माझी नजर मधल्या तक्त्यावर जाते. वीसेक मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा, आणि प्रत्येकापुढे दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून.

एका तरुणाने बायकोला न सांगता खासगी लॅबमधून तपासणी करून घेतली होती. सगळे मार्कर जुळत होते, फक्त एका ठिकाणी मुलाचे १२ आणि १७, तर याचे १५ आणि १६. "मॅडम, एक जरी जुळत नसेल तर मुलगा माझा नाहीच ना?" घरातलं बोलणं तेव्हाच बंद झालं होतं. मला फार वाईट वाटलं.

हे आकडे म्हणजे डीएनएचा एक छोटा तुकडा सलग किती वेळा आलाय, त्याची मोजणी. शुक्राणू तयार होताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा कधी एखादा तुकडा वाढतो, कधी गळतो. १६ चे १७ होतात. एका मार्करला हे हजारात एक-दोनदा घडतं, पण मार्कर वीस असले की शंभरातल्या दोन-चार खऱ्या बापलेकांमध्ये एक जागा जुळत नाही. म्हणून एका विसंगतीवर कुठलीही जाणती लॅब नकार देत नाही. आईचा नमुना घेते, मार्कर वाढवते, म्युटेशनची, म्हणजे अशा बदलाची शक्यता गणितात धरते. त्याच्याकडून आम्ही तेच करून घेतलं. मूल त्याचंच निघालं.

याहून फसवा प्रकार म्हणजे बापाचा दोन आकड्यांऐवजी नुसता १४ दिसतो, मुलाचा नुसता १६. वाटतं, काही संबंधच नाही. पण दोघांतही एक न दिसणारा आकडा असू शकतो: तपासणीत ती जागा शोधणारा डीएनएचा छोटा धागा (प्रायमर) जिथे चिकटतो तिथेच डीएनए बदललेला असला की तो उमटत नाही. दुसऱ्या कंपनीच्या किटने तपासलं की तो दिसू शकतो. टीपॉक्स या मार्करवर काहींचे तीन आकडे येतात, तेही जन्मजात. नमुन्यात भेसळ झाली असं लगेच म्हणू नये. लिंग ओळखण्याच्या मार्करचंही तसंच. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००२ साली २७० भारतीय पुरुष तपासले, त्यातल्या पाच जणांत वाय या पुरुषांतल्या गुणसूत्रावरचा, या मार्करचा भाग सापडलाच नाही. असा मुलगा अहवालात मुलगी म्हणून येतो आणि नमुने बदलल्याचा आरोप सुरू होतो.

पुण्याच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मुलाची डीएनए चाचणी करण्याचा आदेश रद्द केला. लग्नात जन्मलेल्या मुलाची चाचणी सरसकट मागता येत नाही. मला तो निकाल मनापासून पटतो.

मात्र म्युटेशनची ढाल कुणीही पुढे करू नये. खरा बाप तपासलेल्या माणसाचा सख्खा भाऊ असेल, तरी विसंगती दोन-चारच निघू शकतात, आणि वाय गुणसूत्र तर दोघा भावांचं सारखंच असतं. म्हणून भावावर संशय असेल, तर ते लॅबला नमुना देतानाच लेखी कळवा आणि शक्य असल्यास भावाचाही नमुना द्या.