हेस्केथ-प्रिचर्ड यांचे नकली डोके : खोबणीतील ढिलाईवर अखेर तोडगा

पहिल्या महायुद्धात लपलेला शत्रू-नेमबाज हुडकण्यासाठी ब्रिटिश अधिकारी हेस्केथ-प्रिचर्ड वापरत त्या नकली डोक्याची चालती प्रतिकृती मी करतो आहे; डोक्याचे रंगकाम संपल्याचे मागील नोंदीत कळवले होते. त्यानंतर प्रतिकृतीचे सारे काम, डोक्याचा दांडा ज्यात वर-खाली सरकतो त्या खोबणीपाशी अडून होते, ते या आठवड्यात सुटले. वीस मीटरवरच्या भिंतीला लावलेला लाल ठिपका डोक्याच्या मागच्या छिद्रातून, पुढच्या छिद्रातून आणि पुढे पेरिस्कोपच्या (आडोशामागे राहून वरचे पाहण्याच्या नळीच्या) दोन्ही आरशांतून अगदी मध्यभागी दिसला, तेव्हा झालेला आनंद येथील जाणकारांना वेगळा सांगायला नको.

खंदकाच्या कठड्यावर कागदी लगद्याचे डोके वर करायचे, जर्मन नेमबाजाची गोळी त्यातून आरपार जाऊ द्यायची, मग पेरिस्कोपच्या दोन आरशांमध्ये जितके अंतर असेल तितकेच डोके खोबणीतून सरळ खाली घ्यायचे, खालचा आरसा पुढच्या छिद्रासमोर ठेवायचा आणि मागच्या छिद्राला डोळा लावायचा, म्हणजे गोळी जिथून आली ती जागा दिसते. सारी मदार डोके खाली येताना जराही न वळण्यावर आहे. एका अंशाचा फरक पडला तरी वीस मीटरवर ठिपका सुमारे ३५ सेंटीमीटर सरकतो. शंभर मीटरवर तीच चूक पावणेदोन मीटरची होते आणि नेमबाजाऐवजी शेजारची वाळूची पोती दिसतात.

पहिला संशय आरशांवर होता. बाजारातल्या साध्या आरशाचा लेप काचेच्या मागे असल्यामुळे प्रतिमा दुहेरी दिसते. अशा कामासाठी पुढच्या बाजूला लेप असलेला आरसाच घ्यावा, असे माझे आता ठाम मत आहे, आणि जुन्या स्कॅनरमध्ये तो उत्तम प्रतीचा मिळतो. आरसे बदलल्यावर प्रतिमा स्वच्छ झाली, परंतु ठिपका जागेवर येईना. लगदा वाळताना आकसून छिद्रांची रेषा ढळली असेल म्हणून डोके पूर्ण वाळवले, लेसरच्या किरणाच्या रेषेत छिद्रे नव्याने पाडली आणि मग लेसर काढून त्या जागी पुन्हा कागदी ठिपका लावला. (लेसर सुरू असताना छिद्राला कोणीही डोळा लावू नये.) तरीही ठिपका कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाई, आणि या अनियमितपणानेच खरे कारण दाखवले: पावसाळी हवेत सागवानी दांडा फुगून खोबणीत अडकत होता, आणि कोरड्या दिवशी तोच सैल होऊन किंचित वळत होता.

दांडा आणखी घट्ट बसवण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी खोबणीच्या दोन भिंतींना पितळी पट्ट्या लावल्या आणि समोरच्या कोपऱ्यातून पोलादी पट्टीच्या स्प्रिंगने दांडा सतत त्याच दोन भिंतींवर दाबून ठेवला. आता लाकूड फुगो वा आकसो, दांडा वर आणि खाली एकाच कोनात राहतो. मूळ यंत्रात अशी स्प्रिंग नव्हती. मात्र प्रतिकृती चालती ठेवायची असेल, तर ही भर मला योग्य वाटते.

झाशीत १८७६ साली जन्मलेले आणि हॅम्पशायरकडून १९०० ते १९१३ या काळात वेगवान गोलंदाजी करणारे हेस्केथ-प्रिचर्ड प्रथम श्रेणीत ३३९ बळी घेऊन युद्धावर गेले. फ्रान्समधील लिंघेम येथे १९१६ साली त्यांनी नेमबाजी व निरीक्षणाची शाळा उभारली. मिलिटरी क्रॉस आणि डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) ही दोन्ही ब्रिटिश लष्करी पदके त्यांना मिळाली. चेंडूच्या टप्प्याचा आणि दिशेचा अंदाज घेण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने शत्रूच्या गोळीचीच रेषा मोजपट्टी म्हणून वापरावी, हे मला त्यांच्या बळींच्या आकड्याइतकेच मोलाचे वाटते.

मूळ डोक्याच्या तोंडात पेटती सिगारेट ठेवून खालून रबरी नळीने ओढत असत. त्यासाठी पाण्याच्या वाफेचे छोटे यंत्र बसवण्याचा बेत होता, परंतु हे लिहिताना लक्षात येते आहे की ती ओल लगद्याला मऊ करील. तेव्हा टोकाशी केवळ नारिंगी एलईडी लावीन. डोके काचेच्या पेटीत ठेवण्याचा विचारही आता सोडला आहे. कठड्याचा उभा छेद करून खोबण उघडी ठेवली, तर पाहणाऱ्याला स्वतः डोके खाली घेऊन छिद्राला डोळा लावता येईल. त्यासाठी कठड्याची उंची वाढवावी लागेल आणि पोती नव्याने शिवावी लागतील. गोणपाटाची वीण या मापाला जाड दिसते, म्हणून बारीक विणीचे मांजरपाट चहाच्या पाण्यात रंगवून पाहणार आहे.