बारा महिन्यांची अट

मे महिन्यात दुपारी दोनला नागपूरच्या धरमपेठेत कुणी उगाच बाहेर पडत नाही, म्हणून व्हिसा-विम्याच्या किचकट फाइली मी त्या वेळेला ऑफिसात बोलावते. त्या दिवशी तिघं आले. हिंगणा एमआयडीसीत बारा वर्षं काढलेला फिटर, त्याची बायको आणि आई. पर्थकडच्या एका कारखान्याने त्याला स्पॉन्सर केलं होतं. व्हिसा ऑस्ट्रेलियाचा 482, म्हणजे 7 डिसेंबर 2024 पासून ज्याला ‘स्किल्स इन डिमांड’ म्हणतात तो. नॉमिनेशन, म्हणजे त्या जागेसाठी कारखान्याने केलेला अर्ज, मंजूर होतं, इंग्रजीची परीक्षा झाली होती. राहिलं होतं इन्शुरन्सचं पत्र.

“पॉलिसी काढली न मॅडम,” म्हणत त्याने फोल्डरमधून कागद पुढे केला. प्रवास विमा, 180 दिवसांचा, दोघांच्या नावाने. कुणा एजंटाने “ऑस्ट्रेलियाला चालते” म्हणून गळ्यात मारलेला. या प्रकाराची मला खरंच चीड आहे. विकणाऱ्याला कमिशन मिळून जातं, फाइल अडकते ती या माणसांची.

या व्हिसावर 8501 नावाची अट असते. तिथे आहात तोवर पुरेसा आरोग्य विमा चालू हवा. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, आपल्याला लागू नाही. तसा परस्पर करार ऑस्ट्रेलियाचा अकरा देशांशी आहे, त्यात भारत नाही. म्हणून तिथल्याच विमा कंपनीचं ‘ओव्हरसीज व्हिजिटर्स हेल्थ कव्हर’ घ्यायचं. विद्यार्थ्यांचं कव्हर वेगळं, ते इथे चालत नाही, आणि दर महिन्याला एक तरी जण तेच घेऊन येतो. सरकारी हॉस्पिटलमधला उपचार, डॉक्टरची फी, अॅम्ब्युलन्स हे सगळं त्यात लागतं, आणि कंपनी तसं पत्र देते. हेही सांगते, कारण कुणी सांगत नाही: मेडिकेअर मिळत नसेल तर दाखला घेऊन पगारातली 2 टक्के मेडिकेअर लेव्ही, म्हणजे त्या योजनेचा कर, माफ करून घेता येते.

पत्र सगळ्यात स्वस्त प्लॅनवरही मिळतं. व्हिसापुरतं ते पुरतं, माणसाला पुरेलच असं नाही. म्हणून कपल पॉलिसी भरण्याआधी मी एक प्रश्न विचारतेच. तो तेव्हाही विचारला, सासूसमोर.

“ताई, दिवस आहेत का?”

“नाही नाही,” नवराच बोलला. तिने खुर्चीच्या हातावरचा निघालेला रेक्झिनचा तुकडा नखाने दाबून बसवला, तो पुन्हा वर आला, तिने पुन्हा दाबला. आई म्हणाली, “काहून विचारता मॅडम?” मी समजावलं. बाळंतपणासाठी बारा महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो, तोवर कंपनी तो खर्च देत नाही. आधीपासूनच्या दुखण्यांनाही तेवढाच. आणि तो इथे पैसे भरले त्या दिवसापासून मोजत नाहीत. तिथे पोचल्याची तारीख आणि पॉलिसी सुरू झाल्याची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिथून मोजतात. आत्ताच घेऊन ठेवली तर वर्ष लवकर भरेल, ही समजूत घेऊन कितीतरी जण येतात.

ते गेले आणि दहा मिनिटांनी ती एकटी परत आली. पाण्याची बाटली राहिली होती म्हणे. बाटली तिच्या हातातच होती.

तिसरा महिना संपत आला होता. आधी दोनदा टिकलं नव्हतं, म्हणून सासूला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. गरोदर म्हटलं की व्हिसा नाकारतात, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. नाकारत नाहीत, हे मी तिला तिथेच सांगितलं. बाळ तिकडे झालं की ते सिटिझन होतं, हीसुद्धा एक आशा होती. तेही नाही. 1986 पासून आई किंवा बाप नागरिक वा कायमचा रहिवासी असावा लागतो.

“मॅडम, एक्स-रे मी पोटावर कवच घेऊन काढीन. वाचलं मी. फक्त हे वर्ष लागणार नाही अशी एखादी पॉलिसी पाहा न.”

व्हिसाच्या मेडिकलमधला छातीचा एक्स-रे गरोदरपणी बाळंतपणापर्यंत थांबवायला सांगतात, व्हिसाचा निकालही तोवर लांबतो. हिने त्यावरचा उपायसुद्धा शोधून ठेवला होता. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत कधी ही अट माफ असते. पण स्पॉन्सरला विचारायचं तर नवऱ्यामार्फतच. तिने मान हलवली, “विचारा.” विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: विमा कर्मचाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घ्यायचा.

मग त्याने एका फोनवर ठरवून टाकलं. आपण एकटं जायचं, हिने डिलिव्हरीनंतर यायचं. कपलच्या जागी मी सिंगल केलं. हिशेबाने तेच बरोबर होतं. बिनविम्याच्या बाळंतपणाचं बिल नव्या नोकरीवरच्या माणसाला झेपलं नसतं, त्यात काही अडचण आली असती तर विचारायला नको. पण ती परत आली होती ती मला बातमी द्यायला नाही, त्याच्याबरोबर जायचा रस्ता विचारायला. सासूच्या घरात ते सहा महिने एकटीने काढायचे नव्हते तिला. आणि “खर्च स्वतः सोसायची तयारी असेल तर जाता येतं” हे वाक्य मी फोनवर त्याला म्हटलंच नाही. त्याने विचारलं नाही, म्हणून.

तो जुलैत गेला. परवा तिचा मेसेज होता: बाळ झालं की फाइल किती दिवसांत लागेल? बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट, तुझा एक्स-रे, पॉलिसी सिंगलची फॅमिली, असं सगळं क्रमाने लिहून पाठवलं. तिने लगेच पाहिलं. उत्तर आलं रात्री, एका शब्दाचं. “बरं.”