तळजाईवरची कुसळं

डिसेंबरात सातवीची अडतीस पोरं घेऊन पुण्यातल्या तळजाई टेकडीवर गेलो. शाळेपासून चालत वीस मिनिटं. ‘दहा वेगवेगळी झाडं नोंदवा’ अशी कृतिपत्रिका मी मोठ्या हौसेने तयार केली होती. तिथल्या पाचगाव-पर्वतीच्या वनात शिरल्यावर अर्ध्या तासात तिचा निकाल लागला. “सर, सगळीकडे हेच आहे!” हे म्हणजे गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेकडचं, पुण्याच्या टेकड्या झटपट हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलेलं. त्याला उंदीरमारीही म्हणतात हे ऐकून पोरं खूश झाली, पण दहाचा आकडा काही गाठेना. चूक माझीच. पत्रिका मी घरी बसून केली होती.

कंटाळून त्यांना उघड्या उतारावर नेलं. तिथे गुडघाभर वाळलेलं गवत. पाचच मिनिटांत एक मुलगी खाली बसून मोज्यातून काहीतरी उपटायला लागली.

“सर, काटे!”

“काटे नाहीत गं, कुसळं.”

“म्हणजे ते दुसऱ्याच्या डोळ्यातलं?”

म्हण सगळ्यांना पाठ होती. वस्तू मात्र एकानेही पाहिली नव्हती.

एक कुसळ तळहातावर ठेवलं. खाली सुईसारखं टोकदार बी, वर बोटभर लांब काळपट शेपूट, दोरासारखा पीळ घातलेली. बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं. क्षणभर काही नाही. मग शेपूट हळूहळू गोल फिरायला लागली आणि एकच कल्लोळ झाला. “जिवंत आहे, सर!” जिवंतपणाचा त्यात काही संबंध नाही. ओलीने पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो. बियाच्या टोकाशी मागे वळलेले ताठ केस असतात, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. पाऊस-उन्हाच्या खेळात बी स्वतःला मातीत असं पेरून घेतं. मेंढीच्या लोकरीत शिरलं तर कातडीपर्यंतही जातं.

“आणि खरंच डोळ्यात गेलं तर?” तीच मुलगी. सगळे एकदम गप्प.

मग प्रत्येकाला आपापलं कुसळ फिरवून बघायचं होतं. पाण्याच्या बाटल्या संपल्या, थुंकीवर काम भागलं. कृतिपत्रिकांच्या मागे शेपटांची चित्रं निघाली. डबे खायला एक वाजला.

संध्याकाळी पायमोजे न झटकताच बादलीत भिजत टाकले. सकाळी बघतो तर अर्धी कुसळं विणीतून आरपार. दिवसभर त्यांना काय शिकवत होतो मी!