सहा फुटांचा पट्टा

"मोत्याला आणायलाच नको होतं."

आई म्हणाली. काल संध्याकाळी, आरव्हीच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, पायरीवर बसून लसूण सोलताना, वृंदामावशीला. चिडून म्हणाली असती तर मी मनाला लावून घेतलं नसतं. चिडून ती सगळ्यांनाच बोलते आणि चहा होईपर्यंत विसरते. पण ती थकून म्हणाली. मी तिच्या मागेच होतो, टेबलाखाली. मावशी नुसतं "हं" म्हणाली. त्या "हं"बद्दलही मला बरंच वाटलं, पण ते राहू दे.

आता सगळे झोपलेत. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगात सई आणि रोहन, मागच्या खोलीत काका-मावशी, टेबल पाडून केलेल्या पलंगावर आई-बाबा. मी दाराशी. फ्रिज मधूनच गुरगुरतो, बाहेर पाइनच्या झाडांत वारा आहे. मला झोप नाही.

आणायला नको होतं म्हणजे कुठे? या सहलीला? की मुळात पुण्याहून इकडे?

सहलीला असेल तर समजू शकतो. पण दुसरं असेल तर काय करू? मी काही मागे लागलो नव्हतो. डहाणूकर कॉलनीत माझं बरं चाललं होतं. इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली माझी जागा ठरलेली होती, थंडीत वरून निखाऱ्यांची ऊब यायची. आईच रोज तव्यावरची पोळी घेऊन खाली यायची. आईनेच मला जिना दाखवला. मग मानेत चिप, रेबीजची रक्ततपासणी, कागदांवर कागद, पिंजरा, आणि मुंबईहून विमान. पिंजऱ्यात तिने तिची जुनी ओढणी अंथरली होती. विमानाबद्दल मला लिहायचं नाही. आजीबद्दलही नको.

एवढं सगळं करून आणलं, आणि आता नको होतं?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून, आमच्या घरून, निघालो तेव्हा असं कोणी म्हणत नव्हतं. उलट मी चढलो की नाही हे सई पुन्हा पुन्हा बघत होती. डोंगर ओलांडून नेवाडात उतरलो की रस्ता संपता संपत नाही. खिडकी उघडली की सेजब्रशच्या झुडपांचा कडवट, स्वच्छ वास नुसता भरून राहतो. तो वास मी कितीही वेळ घेऊ शकलो असतो. विनमक्काच्या मुक्कामात मला वाऱ्याकडे तोंड करून बसू दिलं. आयडाहोत बटाट्याची शेतं लागली आणि संदीपकाका सगळ्यांना बटाटेवड्याची आठवण करून देत राहिले. संदीपकाका मला हात लावत नाहीत. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता म्हणे. ते माझ्या बाजूने जाताना श्वास धरतात, मला ऐकू येतं. मी त्यांच्या वाटेतून पाय काढून घेतो. आमचं तसं ठीक चालतं.

वेस्ट यलोस्टोनला, यलोस्टोन पार्कच्या फाटकाशी रेंजरबाईंनी मला बघितलं, गोड हसल्या, आणि बाबांना नियम सांगितले. पट्टा ६ फुटांहून लांब नको. रस्ता, पार्किंग, कॅम्पग्राउंड सोडून १०० फुटांच्या पलीकडे नाही. पायवाटांवर नाही. गरम झऱ्यांवरून जे लाकडी फळ्यांचे रस्ते केलेत त्यांवर तर मुळीच नाही. मला एकट्याला बाहेर बांधून जायचं नाही. बाबांना हे सगळं आधीच माहीत होतं. म्हणून तर पाळ्या ठरल्या होत्या: प्रत्येक ठिकाणी एकाने मोत्यापाशी थांबायचं.

ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी बाबांची पाळी होती. पाणी उडायच्या आधी जमिनीखाली काहीतरी ढवळतं, ते माझ्या पंज्यांना कळतं. मी उभा राहिलो. बाबा म्हणाले, "बस रे, वेळ आहे अजून." आणि तेवढ्यात लांबून माणसांचा तो मोठा "आऽऽ" आला. ते उंच पाणी बाबांनी काचेतून पाहिलं, गाड्यांच्या टपांवरून, वरचं टोक तेवढं. मग त्यांनी मला सांगितलं की हे १८७२ सालचं, जगातलं पहिलं नॅशनल पार्क आहे. हे ते सगळ्यांना सांगतात, पण त्या वेळी ऐकायला मी एकटाच होतो.

सगळे परत आले की मी त्यांचे बूट हुंगतो. इथे माझं पार्क म्हणजे बूट. सईच्या तळव्याला गंधक, सडलेल्या अंड्यासारखा तिखट, आणि खाचेत अडकलेली पांढरी चिकणमाती. रोहनच्या बुटावर ओलं लाकूड, शेकडो अनोळखी पायांचं. मावशीच्या बुटाच्या कडेला बायसनच्या, म्हणजे इथल्या रानगव्याच्या, शेणाचा सुकलेला कण, त्यात गवत, आणि गवतात अजून काहीतरी रानातलं ज्याला मला नाव देता येत नाही. एका बुटावर बराच वेळ जातो. संदीपकाका बूट पायरीवरच काढून ठेवतात, ते तर निवांत हुंगता येतात.

आणि काल मिडवेला आईची पाळी होती.

तिथे तो मोठा झरा आहे, ग्रँड प्रिझमॅटिक. अमेरिकेतला सगळ्यात मोठा गरम झरा, मध्ये निळा आणि कडेने पिवळा, केशरी. उष्ण पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे कडेचे रंग येतात. निळा आणि पिवळा मला दिसतो, केशरी-लाल नाही. आईला तिन्ही दिसतात. तिच्या फोनवर तो झरा कितीतरी दिवस होता, फोन उघडला की तोच. या सहलीत तिला खरं तर तेवढंच बघायचं होतं, बाकी सगळं बाकीच्यांचं होतं. पण पार्किंग तुडुंब भरलं होतं आणि आमची गाडी केवढी लांब. सगळ्यांना उतरवून बाबा फेऱ्या मारत राहिले, आणि आई मागे माझा पट्टा धरून बसली. सगळ्यांना घेऊन निघेपर्यंत उशीर झाला होता. "पुन्हा थांबूया का?" असं बाबा म्हणाले, ती "राहू दे" म्हणाली. मग फाउंटन पेंट पॉटच्या पार्किंगमध्ये थांबून सगळ्यांनी चहा केला, भाकरवडी काढली. मला एक तुकडा सईने टेबलाखालून दिला. आईने खाल्लं नाही.

म्हणून ती संध्याकाळी तसं म्हणाली असणार. हे मला कळतं. तरी ते वाक्य जात नाही. मी ते बाजूला ठेवतो, पंज्यावर हनुवटी टेकतो, आणि ते परत येतं. आणायलाच. त्यातला तो "च" सगळ्यात टोचतो.

जेवणाच्या वेळी कुकरच्या शिट्ट्यांनी शेजारच्या आरव्हीतले आजोबा बाहेर येऊन बघून गेले. वरणभात झाला. माझं भांडं लगेच विसळून आत घेतलं, कारण इथे अस्वलांमुळे कुत्र्याचं भांडंसुद्धा बाहेर ठेवायचं नाही. मग रोहनने फोनवर काहीतरी वाचायला घेतलं.

१९८१ च्या जुलैमध्ये दोन मित्र असेच इथे आले होते. कॅलिफोर्नियातलेच. बरोबर एकाचा कुत्रा होता, मोठ्या अंगाचा, मूसी नावाचा. फाउंटन पेंट पॉटच्या पार्किंगमध्ये तो गाडीतून निसटला, पळत सुटला आणि सेलेस्टीन पूल नावाच्या झऱ्यात त्याने उडी घेतली. पाणी २०० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे जवळजवळ उकळतं. तो ओरडायला लागला. आणि त्या दोघांतला एकजण, वय २४, काठाशी धावला. लोक ओरडत होते की जाऊ नकोस. त्याने ऐकलं नाही, सूर मारला. कुत्रा वाचला नाही. तो मुलगाही दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलमध्ये वारला.

"पण कुत्रा त्याचा नव्हताच," रोहन म्हणाला. "कुत्रा मित्राचा होता."

कोणी काही बोललं नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे आपण चहा केला तिथेच?" आणि आईचा हात खाली आला, टेबलाखाली, माझ्या गळ्याशी. पट्ट्यात चार बोटं अडकवून तिने मूठ घट्ट केली. हाताला लसणाचा वास होता, पण लसणाखाली भीतीचा वास होता, आणि तो माणसाला लपवता येत नाही. जेवण संपेपर्यंत तिने मूठ सोडली नाही. डाव्या हाताने जेवली. आजीने बघितलं असतं तर काय म्हणाली असती.

तेव्हापासून मी मूसीचा विचार करतोय. त्याला पाणी दिसलं असेल. उन्हात गाडीत बसून अंग तापलं असेल, आणि समोर एवढं निळं पाणी. मीही उडी मारली असती. पाण्यातून वाफ येते, पण आपल्याला वाफ म्हणजे चहा, वाफ म्हणजे भात, वाफेची भीती कोणी शिकवलेली नसते. त्याला कोणी सांगितलं असतं तरी कसं सांगितलं असतं?

आणि मग त्याच्या मागे आला तो. आईने उडी मारली असती. मला हे जितकं पक्कं माहीत आहे तितकं दुसरं काहीच माहीत नाही. बाबांनी आधी आईला धरलं असतं, मग स्वतः गेले असते. सई... सईचं नाव मला इथे लिहायचं नाही. ६ फुटांचा पट्टा मला जाचत होता, पण आता वाटतं की तो माझ्या गळ्यात असला तरी बांधलेलं त्यांना आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला जो कोणी असेल तो काठापर्यंत जाऊ नये म्हणून.

आणि तरी आणायला नको होतं हे आहेच. उलट मूसीचं ऐकल्यावर तर ते जास्तच खरं वाटायला लागलं. त्याला आणलं नसतं तर तो मुलगा आज पासष्टीच्या पुढचा असता.

आज पहाटे हेडन व्हॅलीत गेलो. नदीवर धुकं होतं, बायसनचा कळप रस्ता ओलांडत होता, आणि दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या. एक बायसन आमच्या खिडकीला जवळजवळ घासून गेला. त्याच्या श्वासाने काच धुरकटली. मी भुंकलो नाही. घशात काहीच आलं नाही. तो गेला आणि मग लांबून, धुक्याच्या पलीकडून, लांडगे. सगळ्यांत आधी मला ऐकू आले. रोहनने बाबांच्या आधी सांगून टाकलं की इथले सगळे लांडगे माणसांनी १९२६ पर्यंत मारून संपवले होते, आणि १९९५ आणि ९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. पिंजऱ्यांतून. आत्ता ओरडत होते ते त्यांचे वंशज, जन्माने इथलेच.

म्हणजे त्यांनाही आणलंच होतं. त्यांच्याबद्दलही कोणीतरी म्हणालंच असेल, नको होतं म्हणून. मी कान टवकारून बसलो होतो. त्यांच्या आवाजात मला अर्धं समजलं, अर्धं नाही. उत्तर द्यावंसं वाटलं. सईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी गप्प राहिलो.

त्यानंतर जरा बरं वाटतंय. का ते नीट सांगता येणार नाही. आई म्हणाली ते बरोबरही असेल. या जागेत कुत्र्याला आणू नये, तिथले नियम उगाच केलेले नाहीत. तिचा झरा माझ्यामुळे हुकला, आणि हुकलेल्या गोष्टीबद्दल माणूस बोलणारच. मी इस्त्रीवाल्याच्या टेबलाबद्दल लिहिलंच की वर. म्हणजे मला इथे राहायचं नाही असं थोडंच आहे?

रात्री जेवताना पुढचं ठरलं. परवा पार्कच्या बाहेर, नॅशनल फॉरेस्टमध्ये जायचं. तिथल्या पायवाटांवर पट्टा लावून मला नेता येतं. संदीपकाकांनीच नकाशा काढला. "तिकडे सगळेच जाऊ, कोणी मागे नको," म्हणाले, माझ्याकडे न बघता. नंतर भांडी घासायला उठताना माझ्या बाजूने गेले. या वेळी श्वास धरला होता की नाही, मला सांगता येणार नाही, कुकर वाजत होता.

उद्या मात्र आधी मिडवे. गर्दी व्हायच्या आत, सूर्य वर आला की लगेच. सई म्हणाली, "आई, तू सगळ्यात पुढे जा, मी मोत्यापाशी थांबते, मी बघितलाय." आई "बघू" म्हणाली. बघू नाही. तिने जावं. सकाळी ती गाडीची नळी आणि वायर सोडत बसेल, डबे भरेल, माझं पाणी बघेल आणि मग म्हणेल राहू दे. मी दारातून उठून सईच्या पायाशी जाऊन बसणार आहे, म्हणजे तिला कळेल. सावकाश बघावं तिने, पूर्ण फेरी मारावी, तिन्ही रंग बघावेत. आल्यावर बूट लगेच काढू नयेत, एवढंच.