समुद्री बर्फाचे धडे बर्फावरच

ध्रुवीय समुद्रावरील बर्फाचा अभ्यास करू पाहणारा आजचा विद्यार्थी बहुधा उपग्रहांच्या आकडेवारीपासून सुरुवात करतो. त्यात गैर काही नाही. तरीही त्याला त्या बर्फावर उभे राहून स्वतःच्या हाताने मोजमाप करण्याची संधी मिळायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते. क्रायोसॅट-२ सारखा उपग्रह बर्फाची जाडी थेट मोजत नाही. समुद्राच्या पातळीपेक्षा बर्फ किती वर आहे, एवढेच त्याच्या रडारवरून कळते, आणि जाडीचा जेमतेम दहावा भाग पाण्याबाहेर असल्यामुळे तिथली एका सेंटिमीटरची चूक जाडीच्या हिशेबात सुमारे दहा सेंटिमीटरची होते. वर साचलेल्या हिमाचा भारही धरावा लागतो, आणि त्यासाठी अनेक वर्षे आधार घेतला गेला तो १९५४ ते १९९१ या काळात तरंगत्या सोव्हिएत केंद्रांवरील निरीक्षकांनी प्रत्यक्ष मोजून ठेवलेल्या नोंदींचा.

म्हणूनच आर्क्टिक महासागरात २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोझेक या आंतरराष्ट्रीय संशोधन मोहिमेला जोडून भरलेली शाळा मला मोलाची वाटते. 'पोलारश्टर्न' हे जर्मन जहाज वर्षभर बर्फासोबत वाहत राहणार होते. त्याच्या सोबतीला निघालेल्या 'अकादेमिक फ्योदोरोव' या रशियन जहाजावर निरनिराळ्या देशांतील २० विद्यार्थी सुमारे सहा आठवडे शिकले.

बर्फाचा दंडगोलाकार नमुना काढणे वरवर सोपे वाटते. परंतु नमुना बाहेर येताच त्याच्या सूक्ष्म नलिकांमधले खारट पाणी गळू लागते आणि तापमान बदलू लागते, त्यामुळे ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून आधी तापमान घ्यायचे, लगेच तुकडे करून डब्यांत बंद करायचे आणि ते वितळल्यावर क्षारता मोजायची, हा क्रम गारठलेल्या बोटांनीही मोडता येत नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड या ध्रुवीय द्वीपसमूहातील लाँगयरब्येन येथे १९९३ पासून चालणाऱ्या विद्यापीठ केंद्रात तर बाहेर पडण्याआधी ध्रुवीय अस्वलापासून बचावासाठी बंदूक चालवणेही शिकवले जाते.

आपल्याकडे वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे ठाणे त्याच स्वालबार्डमध्ये २००८ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. त्या पथकांत दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.