कुकर चालेल का?

नॉर्थम्बरलँडमधल्या कॉटेजच्या जाहिरातीत पहिला फोटो दगडी भिंतीचा असतो, दुसरा शेकोटीचा, तिसरा खिडकीतून दिसणाऱ्या मेंढ्यांचा. स्वयंपाकघर येतं सातव्या-आठव्या फोटोत. मी थेट तिथे जाते आणि दोन बोटांनी फोटो मोठा करते. शेगडी गॅसची की इंडक्शन, हे कळल्याशिवाय मला किल्ले-बिल्ले काही सुचत नाहीत.

आई-बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे लेस्टरला येणार आहेत, त्यांना घेऊन आठवडाभर उत्तरेला जायचं घाटतंय. हॉटेलचा विचार आईने फोनवरच मोडीत काढला. "सकाळी उठल्या उठल्या कुणाच्या तरी परवानगीने चहा प्यायचा? घर बघ." घर बघायचं म्हणजे चूल आली, आणि चूल आली की आईचे प्रश्न आले. मिक्सर आहे का, विळी नसेलच, खोबरं कशावर खवणार, फुलका फुगवायचा कुठे? इंडक्शनवर तिचा हिंडालियमचा कुकर ढिम्म हलत नाही, हे तिला इथे मागच्या खेपेला कळलं आहे. शिवाय या घरांच्या छताला धुराचा गजर असतो. शेकोटीत लाकडं पेटवली तरी तो गप्प बसतो आणि मिरचीची फोडणी पडली की बोंब ठोकतो. त्यामुळे खिडकी उघडते की नाही, हेही फोटोतच बघून घ्यावं लागतं.

जिल्हा मात्र आमच्या पसंतीचा. इंग्लंडच्या पार उत्तरेला, स्कॉटलंडला खेटून असलेली ही काउंटी. अख्ख्या इंग्लंडात सगळ्यात विरळ वस्ती इथली. आज शांत आहे ती काही पहिल्यापासून नाही. सरहद्दीवर शेकडो वर्षं दोन्हीकडच्या टोळ्या रात्री घोड्यावरून यायच्या आणि गुरं हाकून न्यायच्या. त्या भीतीपोटी शेतकऱ्यांनी 'बॅसल' नावाची घरं बांधली. हातभराहून रुंद दगडी भिंती, खाली गोठा, वर माणसं. अंधार पडला की गुरं आत घ्यायची, खालचा दरवाजा लावायचा, वर चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची. यातली काही घरं आता सुट्टीला भाड्याने मिळतात. जिथे गाय बांधायचे तिथे आता डिशवॉशर आहे. माझं मन अशाच एका घरावर बसलं होतं, पण त्या भिंतींतून मोबाइलला रेंज येत नाही म्हटल्यावर मुलांनी उठाव केला.

शिवाय बाबांना समुद्र हवा. म्हणजे ॲनिक आणि बॅम्बरो यांच्या मधलं एखादं किनाऱ्यावरचं गाव. क्रास्टर त्याच पट्ट्यात येतं. तिथे हेरिंग मासा पाठीतून चिरून, उघडा करून, ओकच्या भुश्याच्या धुरावर टांगतात. धुराची ती इमारत १८५६ सालची, आणि अजून चालू आहे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा नातेवाईक, काट्यांनी गच्च भरलेला. इंग्रज त्याच्यावर लोण्याचा गोळा ठेवून खातो. आईने फोटो बघितला आणि म्हणाली, "वास घराला राहील, पण आण." मी घरमालकिणीला याबद्दल काही विचारणार नाही.

बाबांचा खरा जीव लिंडिसफार्नवर. ६३५ साली संत एडनने तिथे मठ स्थापला, ७९३ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. बेटावर जायचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. दर वर्षी कुणीतरी शहाणा गाडी घालतोच, आणि मग रस्त्यालगत खांबांवर उभारलेल्या पांढऱ्या खोपटात बसून पाणी उतरायची वाट बघतो. रस्ता कधी खुला, कधी बंद, याचा तक्ता काउंटी कौन्सिल आधीच प्रसिद्ध करतं. तरी बाबांनी कालनिर्णय उघडलं. "त्या आठवड्यात पौर्णिमा आहे, उधाण असणार. आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, त्याला तक्ता कशाला?" म्हटलं, बाबा, हिशोब तुमचा बरोबर आहे, पण गाडी माझी आहे. आता सगळा आठवडा त्या तक्त्याभोवती फिरतोय: बेटावर मंगळवारी, डबा बरोबर, परत यायची वेळ ठरलेली. घराचा ताबा शनिवारी दुपारी चारला, सोडायचं पुढच्या शनिवारी सकाळी दहाला. त्यातही मालकीण घासाघीस करत नाही.

रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीसाठी एक अख्खा दिवस ठेवला आहे, किनाऱ्यावरून गाडीने तसं लांबच पडतं. भिंतीचं काम १२२ साली सुरू झालं, लांबी ११७ किलोमीटर. पण मला भिंतीपेक्षा तिच्या जवळचं विंडोलँडा, म्हणजे रोमन सैन्याचं जुनं ठाणं, बघायचंय. १९७३ पासून तिथल्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडत आल्या आहेत, पोस्टकार्डाएवढ्या, शाईने लिहिलेल्या. सैन्याचे हिशोब, वाढदिवसाचं आमंत्रण, आणि एका पत्रात तर घरून पाठवलेल्या सामानाची यादी: मोजे, चपलांचे दोन जोड, चड्ड्यांचे दोन जोड. म्हणजे तिथल्या थंडीची काळजी करणारी आई त्याही काळी कुठेतरी असणारच. दुसऱ्या एका पट्टीवर गॅम्बॅक्स नावाच्या माणसाच्या नावापुढे खर्च मांडला आहे: मिरी, दोन दिनार. रोमनांची मिरी तेव्हा केरळच्या किनाऱ्यावरून जहाजाने जायची. एकोणीसशे वर्षांपूर्वी, त्या भणभणत्या वाऱ्यात, कुणालातरी जेवण सपक लागलं होतं!

हे आईला सांगितल्यावर माझी अडचण वाढली. आतापर्यंत मसाल्याचा डबा न्यायचा की पुड्या बांधायच्या, एवढाच वाद होता. गॅम्बॅक्सचा दाखला मिळाल्यापासून मिरी, तिरफळं आणि आमसुलं वेगळ्या डब्यात चालली आहेत. कोथिंबीर-मिरच्या लेस्टरहूनच न्यायच्या, कारण खेड्यातल्या दुकानात पार्स्लीपलीकडे काही मिळायचं नाही. अंडी मात्र तिथेच घ्यायची. शेताच्या फाटकाशी टोपली ठेवलेली असते, बाजूला पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. "आणि कुणी चोरत नाही?" बाबांनी विचारलं. चारशे वर्षांपूर्वी याच लोकांच्या पूर्वजांनी अख्खे कळप पळवले होते, हे मी त्यांना तिथे गेल्यावर सांगेन.

मालकिणीचं उत्तर काल आलं. शेगडी इंडक्शन. मिक्सर नाही, बटाटे कुस्करायचं यंत्र आहे. कुत्रा आणला तर चालेल. स्टीलचा कुकर आता लेस्टरमध्येच घेते. खवणीचं आईने ऐकलेलं नाही, ती सामानात येतेय.